आपला माणूस कंपनीत आहे

तहसीलदाराला शक्यतो त्याच्या स्वतःच्या गावी नेमत नाहीत. फौजदाराला तर नाहीच नाही. ओळखीपाळखी निघतात, सोयरिकी आडव्या येतात, म्हणून सरकारने ही काळजी घेतलेली आहे. मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात बसणाऱ्याची काळजी मात्र कोणीच घेतलेली नाही. मी मुरबाडचा, आजोळ टोकावड्याकडचं, सासुरवाडी शहापूर तालुक्यातली, आणि माझं टेबल मुरबाडच्या एस.टी. स्टँडजवळच्या गाळ्यात. त्यामुळे या दोन तालुक्यांत ज्याच्या ज्याच्या फोनला रेंज नाही, तो प्रत्येक जण माझा कोणी ना कोणी लागतो.

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही तक्रार घेऊन याल.

कस्टमर केअर या धंद्याची सगळी उभारणी एकाच गोष्टीवर झालेली आहे : ग्राहकाला तुमचं घर माहीत नसतं. तो 198 लावतो, कुठल्या तरी शहरातला, कुठल्या तरी मजल्यावरचा एक गोड आवाज त्याला 'सर' म्हणतो, तो त्या आवाजाला मनसोक्त झापतो, आवाज त्याला लांबलचक तक्रार क्रमांक देतो आणि दोघंही आपापल्या घरी जाऊन सुखाने जेवतात. नियमच असा आहे की शंभरातल्या पंच्याण्णव जणांना नव्वद सेकंदांच्या आत माणसाचा आवाज ऐकू आला पाहिजे. मुरबाडमध्ये हा नियम आम्ही केव्हाच मागे टाकला. इथे माणसाला माझा आवाज ऐकू येण्याआधी मलाच त्याचा ऐकू येतो, तोही मी अंघोळ करत असताना, न्हाणीघराच्या दारातून.

"आमचं नेट चालंना."

"मामा, 198 ला फोन लावा ना."

"तिथं कोण वळखीचा हाय?"

या प्रश्नाला कंपनीच्या पुस्तिकेत उत्तर नाही.

कागदोपत्री मी 'ग्राहक संबंध अधिकारी' आहे. नोकरी लागली तेव्हा आईने पेढे वाटताना "मोबाइल कंपनीत साहेब झाला" असं सांगितलं आणि तिथेच घात झाला. गावाने साहेब या शब्दाचा अर्थ टॉवरचा मालक असा घेतला. मी दिवसभर गाळ्यात असतो तेव्हा तक्रारी नोंदवण्याचं काम आई ओट्यावर बसून करते. रात्री भाकरी वाढता वाढता ती मला दिवसभराचा गोषवारा देते. "वैशाखऱ्याच्या वन्सं आल्या होत्या. त्यांचं समोरच्याला ऐकू जातं, पण समोरच्याचं त्यांना ऐकू येत नाही. सरळगावचे भाऊजी येऊन गेले, त्यांचे पैसे आपोआप कापले जातात. तू काय करून ठेवलंयस रे?" मी म्हणतो, मी काही केलेलं नाही. ती म्हणते, "तेच म्हणत होते सगळे." शिवाय तिने प्रत्येकाला "उद्या करून देईल" असं सांगून ठेवलेलं असतं. तक्रार किती वेळात सुटली पाहिजे हे कंपनीत मोठी मोठी माणसं बैठका घेऊन ठरवतात. आमच्या भागात ते आई ठरवते.

लग्नकार्यात, हळदीत, साखरपुड्यात लोक माझ्या हातात फोन देतात ते एक वेळ ठीक. पण परवा भावकीतल्या एका बाबांचा दहावा होता. काळू नदीच्या काठावर सगळे जमलेले, पिंड मांडलेले, कावळे समोरच्या करंजावर. कावळा काही शिवेना. अशा वेळी काय करायचं ते सगळ्यांना पाठ असतं. "बाबा, बांधाचं भांडण मिटवू." "बाबा, नातीचं लग्न थाटात करू." "बाबा, आईला अंतर देणार नाय." आश्वासनं देऊन देऊन भावकी दमली. कावळे ढिम्म. उन्हं डोक्यावर आली. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "जायच्या आदल्याच आठवड्यात बाबांनी तीन महिन्यांचा पॅक मारला व्हता."

सगळा काठ माझ्याकडे वळला.

थोरला मुलगा सरकत जवळ आला. "त्यो वाया जाईल का रं?"

मी हलक्या आवाजात सांगायला लागलो की ग्राहक मयत झाल्यास वारसाने मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि इतर वारसांची...

"दाखलाबिखला मागनं बघू. तू आदी हो म्हण."

मी पिंडाकडे वळून हात जोडले. कंपनीचा टी-शर्ट अंगात होता, त्यामुळे बोलण्याला अधिकृतपणा आला. "बाबा, नंबर धाकट्याच्या नावावर करून देतो." आणि काय सांगू, दोन कावळे एकदम उतरले. धाकटा ढसाढसा रडला. थोरला तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बाबांच्या मनात आपण आहोत अशी त्याची समजूत होती. पण पितृलोकात तरी माझ्या नावावर एक तक्रार 'समाधानकारकरीत्या बंद' अशी नोंदली गेली आहे.

आता रेंजचं. रेंज का नाही, हे समजावून सांगणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे आणि त्यात मला आजवर एकदाही यश आलेलं नाही. दूरसंचार खात्याने देशाचे 22 सर्कल पाडलेत. त्यात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण मुंबई सर्कलमध्ये. मुरबाड मात्र 'महाराष्ट्र आणि गोवा' या सर्कलमध्ये. कल्याणहून एस.टी. निघते आणि पुढे कधीतरी प्रवाशांना न कळवता एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्ये शिरते. हे मी मामांना नकाशा काढून समजावलं. मामांनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला.

"म्हंजे आपण गोव्यात?"

"तसं नाही मामा, फक्त मोबाइलपुरतं."

"मंग दारू का महाग?"

हाही प्रश्न पुस्तिकेत नाही.

सासुरवाडीला गेलो की वेगळाच अभ्यासक्रम. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, मोडकसागर अशी धरणं. मुंबईकर ज्या पाण्याने दात घासतात ते इथलं, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर. सासरे जेवताना माझ्या ताटात वरणभात वाढतात आणि विषय काढतात. "जावईबापू, तानशाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. सव्वाशे वर्षांत कदी लाईन कट झाली असं ऐकलं नाय. आणि तुमचं नेटवर्क मुंबईहून निघतं ते आमच्या अंगणात येईस्तवर दमतं. पाणी जड का आवाज जड?" जावई म्हणून मला आंब्याचा रस मिळतो, कंपनीचा माणूस म्हणून हे ऐकावं लागतं. दोन्ही एकाच ताटात.

टॉवरच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते, आणि आपल्याकडे मध्ये सह्याद्री आहे, असं प्रशिक्षणात शिकलेलं मी एका आजोबांना सांगितलं. आजोबा सिद्धगडाच्या बाजूचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "डोंगर काय काल आला का?" मी म्हटलं, नाही. "मंग सिम विकायच्या टायमाला दिसला नवता का?" त्यानंतर मी लहरींचा विषय बंद केला. हल्ली मी सरळ 'लाईट नाही' म्हणून सांगतो. हे लोकांना पटतं, कारण बहुतेक वेळा ते खरंच असतं. टॉवरची रचना अशी आहे : लाईट गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल, डिझेल संपलं की मी.

धसई हे आमच्याच तालुक्यातलं गाव. नोटाबंदीनंतर, डिसेंबर 2016 मध्ये, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. अर्थमंत्री येऊन गेले, दुकानादुकानात कार्ड घासायची मशीन आली, तालुक्याचं नाव टीव्हीवर झळकलं. रोख नसली तरी अडणार नाही, हे पक्कं ठरलं. रेंज नसली तर काय करायचं, तेवढं ठरायचं राहिलं. त्या काळात मी तिकडच्या लग्नाला जायचंच टाळलं. आहेर रोख देता येत नाही आणि कार्ड चाललं नाही तर दोष माझा, अशा लग्नात जेवण उतरत नाही.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला पर्यटक उसळतात. सगळे एकाच वेळी धबधब्याखाली उभे राहून व्हिडिओ पाठवू लागतात आणि नेटवर्कचा गळा आवळला जातो. ओल्या कपड्यांनी, दारात पाण्याचं थारोळं करत ते माझ्याकडे येतात. "भैया, फोटो अपलोड नहीं हो रहा." त्याच रांगेत पायाला चिखल लागलेला आमचा तात्या असतो. त्याला लावणीला माणसं बोलवायची आहेत आणि फोन लागत नाही. तात्या एकदा त्या पर्यटकाला म्हणाला, "तुमी चार तास धबधबा बंद ठेवा, मी तेवढ्यात बाया बोलावतो." पर्यटकाला वाटलं, धबधबा खरंच बंद करता येतो. त्याने मला विचारलं, वेळ काय आहे.

सिम देणं हे सोपं काम असेल असा कोणाचा समज असेल तर त्याने जुलै महिन्यात माझ्या टेबलाजवळ येऊन उभं राहावं. आधारवर सिम द्यायचं तर अंगठा लागतो. आमच्याकडचे अंगठे जन्मभर रोपं उपटून, विळा धरून, भारे बांधून गुळगुळीत झालेले. मशीन म्हणतं, अंगठा जुळत नाही. मी म्हणतो, मावशी, पुसून ठेवा. मावशी पदराला पुसतात. मशीन म्हणतं, नाही. मी खोबरेल लावतो. मशीन म्हणतं, नाही. एका मावशींनी तर पहिल्यालाच हात मागे घेतला. "अंगठा का म्हणून? सही येते मला." साक्षरतेच्या वर्गात जाऊन, कंदिलाखाली गिरवून शिकलेली सही. त्यांनी माझ्या समोरच्या कागदावर ती काढूनही दाखवली, पूर्ण नावासकट, शिरोरेघ ओढून. सुंदर होती. मशीनला वाचता येत नसल्यामुळे तिचा उपयोग झाला नाही. निरक्षर कोण, हे त्या दिवशी मशीनकडे बघून मावशींनी ठरवलं आणि ते त्यांनी मशीनला ऐकवलंही.

अंगठा जुळला नाही तर दुसरी वाट म्हणजे मोबाइलवर जिवंत फोटो. समोरचा माणूस खरा आहे, फोटोचा फोटो नाही, हे कळण्यासाठी त्याला डोळे मिचकावायला सांगायचं असतं. हे ज्या कोणी शोधून काढलं तो मुरबाडच्या बाजारपेठेत कधी बसलेला नाही. भर दुपारी, मागे पाचपन्नास माणसं रांगेत उभी असताना, मी एका काकूंना अतिशय नम्रपणे म्हणालो, "काकू, माझ्याकडे बघून जरा डोळे मिचकावा." दुकानात शांतता पसरली. काकूंनी पिशवी उचलली. "मेल्या, येऊ का तुझ्या आईकडं?" तेव्हापासून मी "डोळे मिटून उघडा" असं म्हणतो. त्यातही अडचण आहेच. वयस्कर मंडळी डोळे मिटतात आणि हात जोडतात. मग उघडतच नाहीत. मशीनचा वेळ संपतो, मी पुन्हा सुरू करतो, ते पुन्हा देवाला बोलावतात. एका आजोबांनी सिमसाठी म्हणून म्हसोबाला नारळ बोलल्याचं मला नंतर कळलं. नारळाचे पैसे त्यांनी माझ्याकडे मागितले.

रिचार्ज हा तात्याचा विषय. तात्याच्या घरी पंचांग असतं आणि तो ते वाचतो. एके दिवशी तो पंचांग घेऊनच दुकानात आला.

"तुमचा महिना किती दिसांचा?"

"अठ्ठावीस."

"इंग्रजी महिना तीस नायतर एकतीस. आपला तिथीनं धरला तरी एकोणतीस-तीस. हा अठ्ठावीसचा कुटला?"

"फेब्रुवारी, तात्या."

"बारा म्हयने फेब्रुवारी?"

मग त्याने बोटांवर हिशेब मांडला. 28 दिवसांनी एक, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. वर्षाचे महिने बारा. "अधिक महिना तीन वर्षांनी येतो, आन् त्यात जावयाला धोंड्याचे अनारसे तरी भेटतात. तुमचा अधिक दरसाल येतो आन् अनारसे आमीच तुमाला द्यायचे." मी सांगितलं की 2022 मध्ये ट्रायने या कंपन्यांना सांगून तीस दिवसांचा पॅकही ठेवायला लावलेला आहे. तात्याने त्याची किंमत विचारली. मी सांगितली. तात्या म्हणाला, अठ्ठावीसचाच मार.

पैसे मोजताना तो इतिहासात शिरला. आमच्या तालुक्याच्या टोकाला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळातला व्यापारी रस्ता. वर गेलं की दगडी रांजण दिसतो, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. घाटातल्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे आणि त्यात आकडेसुद्धा कोरलेले आहेत. तात्याचं म्हणणं असं की आगाऊ पैसे भरायची पद्धत मुरबाडकरांना दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे, ती काही कंपनीने शिकवलेली नाही. "पण नाणं टाकलं की जुन्नरपतूर वाट मोकळी. अर्ध्या घाटात रांजणाचा मेसेज येत नव्हता, की तुमची वैधता आज रात्री बारा वाजता संपत आहे."

मी काय बोलणार. मी त्याचा रिचार्ज मारला. मेसेज आला नाही. रेंज नव्हती. तात्या तास-दीड तास माझ्यासमोर बसून राहिला, रांजणाविषयी बोलत.

कधी कधी मला पुस्तिकेची आठवण येते आणि मी लोकांना यंत्राशी बोलायला बसवतो. "आजोबा, हा नंबर लावा, मराठीसाठी सांगेल तो आकडा दाबा." आजोबा फोन कानाला लावतात. फोन कानाला लागला की पडदा काळा होतो. यंत्र म्हणतं, अमुक दाबा. आजोबा दाबण्यासाठी फोन कानापासून लांब करतात. पडदा उजळतो, पण त्यावर आकडे नसतात, नातवाचा फोटो असतो. आकडे शोधेपर्यंत यंत्र पुढे गेलेलं असतं. पुढे काय म्हणालं ते ऐकायला आजोबा फोन पुन्हा कानाला लावतात. पडदा पुन्हा काळा. यंत्र म्हणतं, आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही. "निवडतोय ना गं बाय, थांब की जरा," असं आजोबा तिला कळवळून सांगतात. ती थांबत नाही. शेवटी आजोबा फोन माझ्याकडे देतात. "लय घाईची हाय. तुझ्या वळखीची का?" त्यांचा असा समज आहे की ती आतल्या खोलीत बसते. दोघांनी चहा पाठवला होता तिला.

एक आजी दर आठवड्याला यायच्या. तक्रार अशी की फोनची रिंग वाजत नाही. मी माझ्या फोनवरून लावून बघायचो, ठणठणीत वाजायची. आजी म्हणायच्या, तुझा वाजतो, पोराचा वाजत नाही. पोरगा कल्याणला. मी म्हटलं, आजी, तो करतच नसेल. त्या म्हणाल्या, "मंग त्याच्या फोनात बिघाड आसंल. त्याचं बग." नंबर माझ्या टेबलावर ठेवून त्या गेल्या. मी त्याला फोन केला, ग्राहक सेवेतून बोलतोय, आपल्या आईंना फोन करावा. त्याने केला. पुढच्या आठवड्यात आजी पुन्हा आल्या, बिघाड परत झाला म्हणून. मी पुन्हा केला. असा तो बिघाड मी रविवारच्या रविवार दुरुस्त करू लागलो. महिन्याभराने त्याने 1909 वर माझी तक्रार केली, नको असलेले कंपनीचे कॉल येतात म्हणून. कंपनीने मला खुलासा विचारला. मी खुलासा लिहिला. त्यांनी उलट विचारलं की ही सेवा कोणत्या पॅकमध्ये मोडते.

रागावलेला ग्राहक शेवटचं शस्त्र काढतो : पोर्ट करीन. 1900 वर मेसेज टाकायचा, कोड घ्यायचा, कंपनी बदलायची, नंबर तोच. आमच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या कंपनीचा गाळा आहे. तिथे माझा चुलतभाऊ बसतो. माझ्यावर चिडलेला माणूस पाय आपटत रस्ता ओलांडतो आणि भावाकडे जातो. भावावर चिडलेला माझ्याकडे येतो. दोघांच्या वाट्याला महिन्याला सारखेच 'नवीन ग्राहक' येतात आणि दोघांच्याही वरिष्ठांना वाटतं की पोरगा मेहनती आहे. मामा तिकडे गेले आणि तीन महिन्यांत परत आले.

"तिकडं पण रेंज नाय रं."

"मामा, टॉवर एकच आहे. दोन्ही कंपन्यांची यंत्रं त्याच्यावरच लटकवलेली आहेत."

मामा बराच वेळ विचार करत होते. "मंग मी इतकं दिस कुनावर चिडलो व्हतो?"

"आधी माझ्यावर, नंतरचे तीन महिने भावावर."

"हां, मंग बरोबर हाय," मामा म्हणाले आणि त्यांना बरं वाटलं. नेटवर्क कुठलंही असो, शिव्या घरातच राहिल्या.

हे सगळं असंच चाललं असतं, पण कंपनीने रेटिंग आणलं. काम झालं की ग्राहकाला मेसेज जातो : आमच्या प्रतिनिधीला 1 ते 5 पैकी गुण द्या. मी प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, चांगलं द्या. लोकांनी मनापासून दिलं. महिन्याच्या शेवटी विभागीय साहेबांचा फोन आला. साहेबांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं.

"तुम्हाला सगळे 1 देतायत. इतका सातत्याने 1 मी आजवर कोणाचा बघितला नाही."

मी मामांना गाठलं. मामा दुखावले. "आरं, पैला नंबर दिला तुला! आपल्या मानसाला पाचवा देऊ व्हय?" तात्याने, सासऱ्यांनी, डोळे मिटणाऱ्या आजोबांनी, सगळ्यांनी मला पहिल्या नंबराने पास केलं होतं. पाच फक्त एकाने दिले होते. तो तोच, ज्याने माझ्या टेबलावर फोन आपटला होता आणि "तुला शेवटचा नंबर देतो बघ" असं म्हणून गेला होता. कंपनीच्या दप्तरी तालुक्यातला एकमेव समाधानी ग्राहक म्हणून त्याची नोंद आहे. दिवाळीला त्याला कंपनीकडून शुभेच्छापत्र गेलं. ते घेऊन तो मला जाब विचारायला आला.

साहेबांना हे फोनवर पटेना. ते स्वतः पाहणीला आले. गळ्यात पट्टा, हातात टॅब, शर्टावर कल्याण रस्त्याची धूळ. बाजाराचा दिवस होता. "ग्राहकांशी थेट संवाद साधायचा," असं म्हणून ते माझ्या खुर्चीत बसले आणि मला बाजूला उभं केलं. मी एकदाच म्हणालो, "सर, नको." त्यांनी ऐकलं नाही. मोठा साहेब आलाय ही बातमी भाजीबाजारात पोहोचायला रेंज लागली नाही.

पहिला तात्या आला. त्याने तक्रार सांगितली. साहेब गोड हसले. "आपली गैरसोय मी समजू शकतो." एरवी या वाक्यावर तात्या मला "तू काय समजतोस, तुज्या घरी वायफाय हाय" असं ऐकवतो. साहेबांना तो काही बोलला नाही. त्याने शेजारचं स्टूल ओढलं.

"सायबांचं गाव कंचं?"

"नाशिक."

"नाशकात कुटं?"

"सिन्नरजवळ."

मी डोळे मिटले. या दोन प्रश्नांनंतर कोणी सुटल्याचं मला आठवत नाही.

"सिन्नरला आमच्या साडूची पुतणी दिलीय. आडनाव काय म्हणाला तुमचं? ... आन् आईचं म्हायेर? ... थांबा थांबा, त्यांचा वाडा बारवेपाशी का? ... त्यांच्यात कोण मास्तर व्हते का? ... मंग झालं की! साडूच्या पुतणीच्या सासूची सख्खी मावसबहीण म्हंजे तुमची आई!" तात्याने रांगेकडे वळून जाहीर केलं, "आपला भाचा निगाला!"

रांगेतून समाधानाचा सुस्कारा उमटला. साहेबांचा गोड चेहरा तसाच होता, फक्त त्याच्या मागे आता कोणी नव्हतं. तात्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एका दमात 'तुमी'वरून खाली उतरला. "हां, आता सांग भाच्या, रेंजचं काय करतोस?"

दुपारपर्यंत साहेबांकडे म्हसा, धसई, टोकावडे, शिवाय शहापूरकडच्या दोन गावांच्या टॉवरची जबाबदारी आली होती. त्यांनी तीन घरचा चहा घेतला, एका मुलीचं स्थळ बघायचं कबूल केलं आणि जाताना सगळ्यांना स्वतःचा खासगी नंबर दिला, कारण मामाने भाच्याकडे नंबर मागितल्यावर नाही कसं म्हणणार. त्या दिवशी लोकांनी त्यांनाही रेटिंग दिलं. सगळ्यांनी 1.

गेल्या आठवड्यात रात्री त्यांचा मला फोन आला. आवाज खोल गेलेला.

"अहो, ते तात्या माझ्या आईला फोन करतात. रोज. आई मला विचारते, त्या गरिबांची रेंज तू का अडवून ठेवलीस?"

"आपली गैरसोय मी समजू शकतो, सर."

"तिथे रेंज नाही ना? मग फोन लागतो कसा त्यांना?"

"डोंगरावर चढून करतात, सर. बोलायला कोणी चढत नाही, तक्रारीला सगळे चढतात."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मागे त्यांच्या घरी कोणाचा तरी फोन वाजत होता आणि त्यांच्या आई "हां, बोला तात्या" म्हणाल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

"मी बदली मागतोय," साहेब म्हणाले. "लांब कुठेतरी. गोव्याला मिळतेय बहुतेक."

"गोवा नका घेऊ, सर," मी म्हटलं. "ते आपल्याच सर्कलमध्ये आहे. तात्यांना माहीत आहे."